३४८ किलोमीटरला एक तास वीस मिनिटे कशी?

लंडन ते पॅरिस विमानाला एक तास वीस मिनिटे लागतात, असे मी माझ्या लेखात लिहिले होते. त्यावरच्या आपल्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. लंडनचे हीथ्रो विमानतळ ते पॅरिसचे शार्ल द गोल विमानतळ हे अंतर ३४८ किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर असेल, तर २६ मिनिटे पुरायला हवीत, मी एक तास वीस मिनिटे कशी लिहिली, हा पहिला. परतीच्या तिकिटावर पॅरिसहून १ वाजता सुटलेले विमान लंडनला १ वाजून २० मिनिटांनी पोहोचते, म्हणजे माझाच आकडा खोटा ठरतो, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपात माझी एक चूक आहेच. मी ‘उड्डाणाचा वेळ’ असे लिहिले. वेळापत्रकातला वेळ मात्र चाकांखालचे अडसर काढून विमान जागचे हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर अडसर पुन्हा लागेपर्यंतचा असतो. मागच्या खेपेला मी खिडकीशी बसून घड्याळ लावले होते. विमान मागे ढकलल्यापासून चाके जमीन सोडेपर्यंत २१ मिनिटे गेली आणि पॅरिसला उतरल्यावर जागेवर लागेपर्यंत आणखी ११. हवेत आम्ही होतो ४४ मिनिटे.

आता ही ४४ मिनिटेही २६ पेक्षा बरीच जास्त आहेत, आणि खरी गंमत इथेच आहे. ३४८ किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर; विमान त्या रेषेवरून जात नाही. विमान वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून झेप घेते आणि उतरते, आणि या भागात वारा बहुधा पश्चिमेचा असतो. त्यामुळे हीथ्रोहून ते पॅरिसकडे पाठ करून पश्चिमेला झेपावते आणि मग वळून आग्नेयेची वाट धरते. पॅरिसलाही पश्चिमेकडे तोंड करूनच उतरायचे असल्याने ते आधी विमानतळाच्या पूर्वेला जाते आणि तिथून मागे फिरते. शिवाय दहा हजार फुटांखाली वेग साधारणपणे २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. एवढ्या छोट्या टप्प्यात चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते, आणि आपण धरलेला ८०० चा वेग मधल्या थोड्या वेळापुरताच मिळतो. परतीच्या वाटेवर हीथ्रोला गर्दी असली, तर ठरलेल्या चार जागांपैकी एकीवर घिरट्या घालत थांबावे लागते, ते वेगळेच.

दुसरा आक्षेप घड्याळाचा आहे. फ्रान्सचे घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असते, म्हणून तिकिटावर जाताना दोन तास वीस मिनिटे दिसतात आणि येताना फक्त वीस. दोन्हींची बेरीज करून निम्मी करा, एक तास वीस मिनिटेच येतील. (सूर्याच्या हिशेबाने पॅरिस ग्रिनिचच्या जेमतेम ९ मिनिटे २१ सेकंद पुढे आहे, १९४० मध्ये जर्मन ताब्यात असताना तिथली घड्याळे बर्लिनच्या वेळेला जुळवली गेली, आणि युद्धानंतरही तासाचा फरक राहिला.)

मूळ लेखात ‘उड्डाणाचा वेळ’ काढून ‘वेळापत्रकातला एकूण वेळ’ असे केले आहे. आपल्याला पॅरिसहून पुढचे विमान पकडायचे आहे असे आपण लिहिले आहे. त्याचा हिशेब कृपया तिकिटावरच्या पोहोचण्याच्या वेळेपासून करावा, किलोमीटरवरून नव्हे.