असईच्या शिपायाला मावळा करू नका

गेल्या महिन्यात एका कपडेपटात गेले होते. आमच्या हौशी नाटकात असईच्या लढाईचा प्रवेश आहे, शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातल्या, २३ सप्टेंबर १८०३चा. शिंद्यांच्या शिपायासाठी समोर आलं ते भगवं मुंडासं, बाराबंदी आणि पुठ्ठ्याची ढाल. "ताई, मराठा सैनिक म्हणजे हेच." मला फार वाईट वाटलं.

हा वेश शिवकाळातल्या मावळ्याचा. असईला, कैलना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात उभं राहिलं ते वेगळंच पायदळ. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन्य या युरोपीय लष्करी अधिकाऱ्याला चाकरीत घेतलं, त्यानं घडवलेल्या कवायती फौजेची ही पुढची पिढी. या शिपायांना तेलंगे म्हणत. अंगात लाल डगला, हातात चकमकीची बंदूक, तिच्या तोंडाशी संगीन. याच फौजेतल्या नजीब नावाच्या पलटणींकडे तोड्याची बंदूक असे. सुताचा पेटता दोर खाली आला, रंजक, म्हणजे बार पेटवणारी बारीक दारू, पेटली, की बार. आणि समोर कंपनीचे देशी शिपाई, तेही लाल डगल्यातच! दोन्हीकडून लाल डगले चालून येताहेत, हे रंगमंचावर दिसायला नको का?

कंपनीचा सेनापती वेलस्ली जिंकला, पण त्याचे १५०० हून अधिक लोक मेले किंवा जायबंदी झाले. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, तोफांपाशीच मेले. त्यांच्या हातात पुठ्ठ्याची ढाल देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आपल्या बोलण्यात ही फौज अजून आहे. कुणाच्या टोळक्याला आपण 'कंपू' म्हणतो, तो शब्द याच फौजेच्या ब्रिगेडींचा; ब्रिगेडीला कंपू म्हणत. पलटण, ठासून भरणं, फुसका बार, सगळं तिथलंच.

कपड्यांचं काय एवढं, असं कुणी म्हटलं की मी तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या उठावाची गोष्ट सांगते. कंपनीनं नव्या घाटाची, कातडी तुरा लावलेली पगडी सक्तीची केली, कपाळावरचं गंध पुसायला लावलं, दाढी काढायला लावली. १० जुलै १८०६ च्या पहाटे शिपायांनी किल्ल्यात उठाव केला. शेकडो शिपाई मारले गेले.

पुरावे आपल्या घरांतही आहेत आणि आपणच ते घासून टाकतो. माझ्या मामांकडे दर खंडेनवमीला तलवार पॉलिश पेपरनं लख्ख करतात. परवा पात्याच्या पन्हळीतून बोट फिरवलं तर झिजलेली रोमन अक्षरं हाताला लागली. मूठ आपल्याकडची, पातं युरोपातलं, म्हणजे फिरंग! दोन अक्षरं कशीबशी वाचता येतात, बाकीची गेली.

तुमच्याकडे असं काही असेल तर हात जोडून सांगते, घासू नका. मऊ कापडानं पुसा, हलकं तेल लावा आणि आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

कपडेपटातला तो जोड मी परत केला. लाल कापड आणलंय, शिंप्याकडे आठ डगले टाकलेत.