गंधकाचा रेणू पकडायचाय? या मग परभणीला

तर तुम्हाला म्हणे क्षणात मरणारे गंधकाचे रेणू पाहायचेत, अन् तेही स्पेक्ट्रोस्कोपीनं, म्हणजे रेणू कुठली लाट गिळतो त्यावरून ओळखून. बेस्ट. मीठ, तुरटी असलं पळून न जाणारं मटेरियल ढिगानं पडलंय, पण नाही, आपल्याला थायोफॉर्माल्डिहाइडच पाहिजे. त्याचा ऑक्सिजनवाला भाऊ, फॉर्माल्डिहाइड, बघा किती गुणाचा, बायोलॉजीच्या लॅबमध्ये बेडकासोबत बरणीत वर्षानुवर्षं गप बसतो. ह्याला बाटलीत भरलं की तिघं-तिघं हात धरून ट्रायथायेनची रिंग करून मोकळे, शोधा मग तुमचा रेणू.

म्हणून साठवायच्या भानगडीत पडूच नका, टँकरच्या पाण्यासारखं करा, आलं तसं भरा. डायमिथाइल डायसल्फाइडची वाफ लालबुंद क्वार्ट्‌झ नळीतून सोडायची, तापून ती तुटली की आपला रेणू तयार, पलीकडून पंप ओढायलाच लागलेला, अन् मधून ताजा रेणू जाता जाता त्याच्यावर मायक्रोवेव्ह मारायच्या, 34.35 गिगाहर्ट्‌झच्या आसपास त्यानं घोट घेतला की समजा सापडला, कारण त्याची गिरकी वाढवायला नेमकी तेवढीच लाट लागते. इंग्लंडात ससेक्स विद्यापीठात हॅरोल्ड क्रोटो नावाचे केमिस्ट असलेच रेणू पकडत बसायचे, पुढं 1996 ला नोबेल मिळालं, पण ते कार्बनच्या फुटबॉलला, म्हणजे 60 कार्बनच्या गोल रेणूला. गंधकाला तिथंही कुणी विचारलं नाही.

वासाचं टेन्शन घेऊ नका. होस्टेलवाले सिलेंडर लीक झालं म्हणून पळतील, पळू द्या, सिलेंडरमध्ये वासासाठी घालतात ते पण गंधकाचंच असतं, म्हणजे तेही अगदीच चूक नाहीत. उरलेली वाफ पंपाआधीच गोठवून अडवायला लिक्विड नायट्रोजन लागेल, ते गुरांच्या दवाखान्यात मिळेल, रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. बाहेर 44 डिग्री, आत उणे 196. डॉक्टरसाहेबांना फक्त पटवून द्या की तुमचं काम म्हशीपेक्षा अर्जंट आहे.

अन् लाईट, ती जाणारच. पंप थांबला की त्याचं तेल उलटं नळीत चढतं. आमचं चढलं होतं एकदा, आठ दिवस नळ्या धूत बसलो अन् गाईड म्हणे, "कामून स्टेबल कंपाउंड घेतलं नाहीस रे?"

लई वाईट वाटलं तर वर बघा. हाच रेणू 1973 ला ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीला धनु राशीतल्या ढगात सापडला, निवांत. तिथं धडकायलाच कुणी नाही ना.

आपल्याकडं लाईट यायला टाइम आहे, तोवर मेसमध्ये मावशींना कांदे कापू लागा. डोळ्याला झोंबतं ते प्रोपेनथायल एस-ऑक्साइड, ते पण गंधकाचंच, ते पण फार न टिकणारं, अन् कांदा कापल्यावरच तयार होणारं. ना पंप, ना कोटेशन, ना परमिशन. डिटेक्टर दोन आहेतच तुमच्याकडं, पुसत पुसत रीडिंग घ्या, फक्त मावशींना दिसू देऊ नका, नाहीतर अजून पाच किलो पुढं सरकवतील.