म्हणे, जाळ्या तेवढ्या राहिल्यात!

"वहिनी, जाळ्या तेवढ्या राहिल्यात बरं का. पण एकदा फुल्ल तापवलात ना, की सगळं आपोआप जळून जातं."

माझा स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरात खाणं शिजवायचं यंत्र, नेणारे लोक तो परत देताना न घासलेल्या जाळ्यांबद्दल हेच ऐकवतात. नाही जळून जात! कुठून ऐकून येता हे सगळं? माझा स्मोकर इलेक्ट्रिक आहे, उभ्या कपाटाचा, आत एकाखाली एक चार जाळ्या. तो जास्तीत जास्त २७५ फॅरनहाइटपर्यंत जातो, म्हणजे १३५ सेल्सिअस. त्याच्या वर काटा सरकतच नाही. सेल्फ-क्लीनिंगवाला ओव्हन त्या कामासाठी ९०० फॅरनहाइटच्या आसपास तापतो, तेव्हा कुठे आतल्या चरबीची राख होते. २७५ ला कसली राख? चरबी नुसती आटते, घट्ट होते आणि तारेवर वार्निशसारखी बसते. पुढच्या वेळी तिच्यावर अजून एक थर. मग त्या किटणाला 'सीझनिंग', म्हणजे तेलाने भांडं मुरवणं, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

चार जुलैच्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या पार्टीला नेलेला स्मोकर परवा आणून दिला भावजींनी. ऑगस्ट निम्मा झाला. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा दमट ऑगस्ट काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. जाळ्या काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून, वर गाठ मारून, गॅरेजच्या दाराशी ठेवलेल्या. घंटीही वाजवली नाही. मेसेज नवऱ्याच्या फोनवर. मी गाठ सोडली आणि तशीच मागे सरकले. खवट चरबीचा वास नाकात गेला की जेवण जात नाही दिवसभर.

वरच्या जाळीवर दह्याचं मॅरिनेशन जळून काळं-पिवळं झालेलं, त्यात कोंबडीचं कातडं चिकटलेलं. जिथे तारेवर तार आडवी जोडलेली असते ना, त्या प्रत्येक सांध्यात बार्बेक्यू सॉसची साखर करपून दगड झालेली. आणि त्या सगळ्यावर बुरशी. पांढरी, मधे मधे हिरवट, लव फुटलेली. खालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये पाणी तसंच! चरबीचा तवंग वर धरून. ती ट्रे न ओतता स्मोकर गाडीत घातला कसा, आणला कसा, हेच मला कळत नाही. दार बंद, आत ओल, भिंतींना चरबी. बुरशीला अजून काय लागतं?

जाताना मी सगळं सांगितलं होतं. एकदा नाही, चांगलं बजावून सांगितलं होतं. खाणं उतरवलं की जाळ्या कोमट असतानाच काढायच्या, पेपर टॉवेलने ओशटपणा टिपून घ्यायचा, मग कढत पाण्यात बेकिंग सोडा आणि भांड्यांचा साबण घालून रात्रभर टबात टाकायच्या. सकाळी नायलॉनच्या घासणीने निम्मं आपोआप सुटतं. सांध्यांना जुना टूथब्रश. धुऊन, पूर्ण कोरड्या करून, तेलाचा अगदी पातळ हात. झालं. त्याच रात्री केलं तर कष्टच नाहीत. महिनाभर ठेवलं की मग खरवडत बसावं लागतं, आणि ते कोणी बसायचं? मी.

पण बुरशीपेक्षा मला जास्त काय लागलं ते सांगते. सर्वांत वरच्या जाळीला मी लाल तार बांधलेली आहे. ती जाळी शाकाहारी. उभ्या स्मोकरमध्ये सगळं वरून खाली ठिबकतं, म्हणून पनीर, कणसं, भरताची वांगी वर आणि चिकन-पोर्क खाली. सासूबाई इथे असतात तेव्हा त्यांचं वांगं त्याच जाळीवर असतं. हिकरीच्या लाकडाच्या धुरातल्या वांग्याचं भरत त्यांना चुलीवरच्या इतकंच आवडतं, आणि त्या मला विश्वासाने विचारतात, "ती वेगळी जाळी आहे ना गं?" मी हो म्हणते. आता काय म्हणू? लाल तार जागेवर आहे आणि तिच्या शेजारी पोर्क रिब्जचं हाड अडकलेलं आहे. हेही मी नेताना सांगितलं होतं. भावजी मान हलवत होते.

आणि धुवायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही, कोणीतरी तारेचा ब्रश फिरवलाय! तिसऱ्या जाळीचं क्रोम ओरखडून निघालंय, खालचं लोखंड दिसतंय, एका कडेला गंज सुरू झालाय. सांध्यात ब्रशचा एक केस अडकलेला मिळाला मला. बारीक, करड्या रंगाचा, चिमट्याने काढावा लागला. दिव्याखाली धरली नसती तर दिसलाही नसता. ही गंमत नाही. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०१२ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या केसेस छापल्या आहेत: ब्रशचा तुटलेला केस मांसाला चिकटून पोटात गेला, कुणाच्या मानेत रुतला, कुणाच्या आतड्याला भोक पाडलं, ऑपरेशनं करावी लागली. त्या पार्टीत आमच्या मंडळातली सगळी पोरं जेवली. जाळी कुणी घासली आणि कधी, हे मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही.

गप्पा मात्र ऐकाव्यात! लाकूड पोस्ट ओकचं चांगलं की मेस्कीटचं, ब्रिस्केटला (बीफच्या छातीच्या मांसाला) बार्क, म्हणजे वरचा काळा खरपूस थर, कसा आला पाहिजे, धूर पांढरा नको, निळसर हवा. लॉकहार्ट गावाला टेक्सासच्या बार्बेक्यूची राजधानी म्हणतात हे मला प्रत्येक पार्टीत कोणीतरी नव्याने सांगतं. आणि मग ठरलेलं वाक्य: "तिथल्या पिटच्या (मांस भाजायच्या भट्टीच्या) भिंती बघा, काळ्याकुट्ट असतात. धुतात का ते?" अहो, भिंती! भिंतीवरचा पातळ कोरडा काळा थर असू द्या, त्याने बिघडत नाही, आतलं पत्र्याचं अंग गंजत नाही. पण भिंतीवरही तो जाड चकचकीत डांबरासारखा झाला की तो क्रिओसोट. ओलं लाकूड घातलं, हवेची खिडकी बंद ठेवली, की साचतो. त्याचे पापुद्रे सुटून खाण्यावर पडतात आणि जीभ कडू, बधिर होते. आणि जाळी तर भिंत नाहीच! जाळीवर आपण खाणं ठेवतो. ताटात जेवतो ते ताट आपण 'सीझन' करतो का?

मागच्या वर्षी दुसऱ्या एका घरून जाळ्या आल्या त्या डिशवॉशरमधून. वास गेला नाही, डिशवॉशरला मात्र लागला, आणि त्याचाही दोष माझ्या स्मोकरला. त्याआधी एकांनी चारही जाळ्यांवर फॉइल पसरलं, कडेपासून कडेपर्यंत, म्हणजे धुवायला नको. धूर वर जाणार कुठून? वरचं चिकन कच्चं, खालचं कोरडं. चिकन आत १६५ फॅरनहाइटला पोहोचलं पाहिजे, हे थर्मामीटर लावून बघायचं असतं. तो थर्मामीटर पिशवीतून बाहेरच काढला नव्हता.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतणारे तर जागोजागी आहेत. फेस येतो म्हणून खूश होतात. एक आम्ल, एक अल्कली, दोन्ही एकमेकांना मारतात आणि मागे जवळजवळ नुसतं पाणी उरतं. चरबीला सोडा हवा असतो, तो तुम्ही आधीच संपवलात. आणि परवा, गंजलेल्या जाळीचं सांगितलं तर उपाय काय सुचवावा? "जुन्या फ्रिजची जाळी कापून बसवू, सेम साइज आहे." जुन्या फ्रिजच्या जाळ्यांवर कॅडमियमचा मुलामा असायचा, तापला की विषारी. जस्ताचा मुलामाही खाण्याखाली तापवायचा नसतो. आमच्या घरात मुलं जेवतात हो!

कंपनीचीही कमाल आहे. एवढ्या किमतीच्या वस्तूला जाळ्या कसल्या, तर क्रोमचा नुसता हात फिरवलेल्या. स्टेनलेस द्यायला काय झालं होतं? सुटी जाळी मागवायला गेलं तर एकेक मिळत नाही, चारचा संच घ्या म्हणतात.

आणि हे सगळे मेसेज नवऱ्याला. आभारही त्याचेच मानतात. स्मोकर मी घेतला, माझ्या पगारातून, लाकूड मी निवडते, पहाटे उठून पेटवते मी. मला फक्त "जाळ्या राहिल्यात" तेवढं येतं.

काल सगळा शनिवार त्यात गेला. पाणी बदलून बदलून भिजवल्या, सांधे बांबूच्या काडीने कोरले. दोन जाळ्या निघाल्या. तिसरी गंजकी टाकली. लाल तारेची स्वच्छ झाली आहे, पण सासूबाईंचं वांगं मी तिच्यावर ठेवणार नाही, त्यांच्यासाठी नवी घेणार. संचाचे पैसे भावजींकडून घेणार आहे, तसं त्यांना लिहून पाठवलं आहे.

सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीसाठी स्मोकर हवाय म्हणून दोघांचे मेसेज नवऱ्याच्या फोनवर येऊन पडलेत. मला विचारा, वस्तू माझी आहे. आणि उत्तर आत्ताच घ्या: घराबाहेर जाणार नाही. ज्यांना खायचंय त्यांनी आमच्याकडे या, पोटभर जेवा, आणि जेवण झालं की जाळ्या कोमट आहेत तोवर सिंकपाशी उभे राहा.