उपग्रहाला दिसायलंय

मोबाइलनं माणसाची अक्कल खाल्ली, असं आमच्या मावशीचं ठाम मत आहे. मी तिला एकच तारीख ऐकवतो: २१ सप्टेंबर १९९५. त्या दिवशी आमच्या परभणीतल्या गल्लीत मोबाइल कुणी पाहिलेलासुद्धा नव्हता. गणपती दूध पितोय ही बातमी एसटीडी बूथवरून आली आणि दुपारच्या आत सगळी गल्ली वाटी-चमचा घेऊन देवळापुढं रांगेत उभी. मावशी बरीच पुढं होती. पृष्ठताण, केशाकर्षण वगैरे शास्त्रज्ञांनी नंतर समजावून सांगितलं. मावशीनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असंल. मग दुसऱ्या दिवशी कामून नाही पिला?"

म्हणजे भोळेपणा जुनाच आहे. पण विश्वास ठेवायचा आणि वर उलटतपासणीही घ्यायची, ही जी मावशीची पद्धत, ती कुठं गेली हे मला परवाच्या लग्नात कळलं.

मृगाचा पाऊस नुकताच पडून गेलेला. लग्न पिंपळगावला. आता मराठवाड्यात नुसतं पिंपळगाव म्हणणं म्हणजे बाजारात उभं राहून ‘ओ पाटील’ अशी हाक मारणं. रेणुकाईचं वेगळं, महादेवाचं वेगळं, त्यात पुन्हा बुद्रुक आणि खुर्द. गाडी भाचा चालवत होता. तो लातूरला राहून दुसऱ्यांदा नीटची तयारी करतोय, त्यामुळं चार पर्याय समोर आल्याशिवाय त्याचं डोकं चालत नाही. फोननं नेमकी चार पिंपळगावं दाखवली. त्यानं तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"तिसरंच का रे?"

"बाकीची तीन चूक वाटायलीत, मामा."

डांबरी संपली, खडी संपली, गाडी पांदणीत शिरली. थोड्या वेळानं पांदणही संपली आणि समोर पेरणीसाठी तयार केलेलं काळंभोर रान आलं. फोनमधली बाई म्हणाली, सरळ जा.

"अरे, रस्ता कुठंय?"

"मामा, उपग्रहाला दिसायलंय ना!"

उपग्रह वीस हजार किलोमीटर वर असतो आणि त्याला ढेकूळसुद्धा दिसत नाही. तो बिचारा नुसती स्वतःची जागा आणि वेळ सांगत फिरतो. निदान चार उपग्रहांचे संकेत पोचायला किती वेळ लागला, यावरून फोन आपण कुठं उभे आहोत याचा हिशेब मांडतो. नकाशावरची रेघ दुसऱ्याच कुणाची, आणि काळ्या रानाला पाऊस लागल्यावर काय होतं हे त्या रेघेला कोण सांगणार? हे सगळं भाच्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. फिजिक्समध्ये मार्कही बरे आहेत. फक्त ते पेपरात विचारलं तरच आठवतं.

गाडी रुतली. चिखल चाकांवर असा चढला की चाक आणि मडगार्ड एकजीव झाले. मावशी नेसूचं खोचून खाली उतरली. तिची एक चप्पल अजून त्या रानात आहे.

फोनला रेंज मात्र फुल्ल. तेवढ्या वेळात भाच्यानं मला वाचून दाखवलं की लंडनच्या टॅक्सीवाल्यांना चेरिंग क्रॉसच्या भोवतीचे सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, आणि २००० साली एलेनॉर मॅग्वायर नावाच्या बाईंनी त्यांचे मेंदू तपासले तेव्हा वाटा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. माहितीचा तुटवडा असा आम्हाला कुठंच नव्हता.

इतक्यात बांधावरून एक आजोबा आले.

"कुठं जायलाव?"

"पिंपळगावला."

"कोणतं?"

आम्ही फोनकडं बघितलं. आजोबांनी बघितलं नाही. त्यांनी चौकशीच मांडली: लगीन कुणाकडलं? पोरीकडले का पोराकडले? पोरीचा मामा कुठला? पोरगा काय करतो? वावर किती? मावशीला तर माहेर भेटल्यासारखं झालं. पोरीचा मामा मानवतचा, हे ऐकल्याबरोबर आजोबांनी हात झटकला. "मंग ते खुर्द. वढ्याच्या पल्याड. हितं कशाला आलाव?" जाता जाता मावशीच्या नणंदेशी त्यांचं नातंही निघालं. हा एकही प्रश्न फोनमधल्या बाईनं आम्हाला विचारला नव्हता, आणि आम्हीही तिला काही विचारलं नव्हतं.

आजोबांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. त्याला अजिबात नवल वाटलेलं दिसलं नाही.

"अशा गाड्या नेहमी येतात का हो?"

"येतात की. मागच्या लग्नसराईत तर नवरदेवासकट आली होती."

"मग फोनवरून कळवा ना त्यांना, इथं रस्ता नाही म्हणून," भाचा म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

साखळी अडकवता अडकवता त्यानं भाच्याकडं वर मान करून बघितलं.

"ट्रॅक्टरचे हप्ते चालू हायेत, भाऊ."