साखर बंद केली की फुफ्फुसाचा कॅन्सर मरतो म्हणे

सध्या एक मेसेज फिरतोय की जगात फुफ्फुसाच्या कॅन्सरचं खरं कारण सिगारेट नाही, रक्तातली साखर आहे, आणि साखर बंद केली की गाठ उपाशी मरते. मला तो ज्यांनी पाठवला त्यातले दोघं रोज सिगारेट ओढतात, म्हणून हे लिहितोय.

'खरं कारण साखर'. यात एक धागा खरा आहे, तो नाकारत नाही. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या जागतिक अभ्यासात फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रिस्क फॅक्टर्समधे उपाशीपोटीची वाढलेली शुगर आहे, आणि तिथे 'वाढलेली' म्हणजे फक्त डायबिटीस नाही, नव्वदीच्या घरातल्या आकड्यापासूनच मोजायला सुरुवात होते. पण त्याच अभ्यासात या कॅन्सरचे साधारण दोन तृतीयांश मृत्यू तंबाखूच्या नावावर आहेत. २०२२ मधे जगात या कॅन्सरने १८ लाखांच्या आसपास माणसं गेली, म्हणजे तंबाखूचा वाटा किती होतो बघा.

शिवाय ओढणाऱ्यांना टाइप २ डायबिटीस होण्याचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त असतो, म्हणजे शुगर आणि कॅन्सर एकाच माणसात दिसले तरी दोन्हीमागे सिगारेटच असू शकते, हे वेगळं काढणं फार अवघड असतं आणि मेसेजवाल्याने तो प्रश्नच विचारलेला नाही. जास्त इन्सुलिनमुळे पेशींची वाढ होते असा एक अंदाज आहे, त्यावर काम चालूय, पण अंदाज म्हणजे निकाल नाही.

'गाठ उपाशी मरते'. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्गने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं, पेट स्कॅन (शरीरात ग्लुकोज कुठे जास्त ओढलं जातंय ते दाखवणारी तपासणी) त्यावरच चालतो. पण त्याच स्कॅनमधे मेंदूही लख्ख दिसतो, कारण ग्लुकोज सगळ्यांनाच लागतं, आणि तुम्ही गोड सोडलं तरी लिव्हर ते स्वतः बनवून रक्तात सोडतंच. आधीच वजन उतरत चाललेल्या पेशंटचं जेवण या नादात तोडलं तर गाठ नाही, माणूस खंगतो, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

'आता सिगारेट सोडून काय फरक पडणार'. पडतो. सोडून १० वर्षं झाली की फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरायचा धोका ओढत राहणाऱ्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. शुगर कंट्रोलमधे ठेवाच, हृदय, किडनी, डोळे यांच्यासाठी ती ठेवायलाच हवी, पण पाकीट खिशात ठेवून नाही.