स्वयंपाकाची सोय असलेला समुद्र

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे गेला, की आपल्या घरातील एखाद्या कर्त्या पुरुषाला समुद्राची आठवण होते. अशी आठवण झाल्यावर सहकुटुंब सहल यशस्वी कशी करावी, याविषयी गणपतीपुळ्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये तीन रात्री काढून गेल्याच आठवड्यात परतलेली गृहिणी या नात्याने मी चार गोष्टी सांगू इच्छिते. आम्ही एकूण ११ जण गेलो होतो. त्यांपैकी ९ जणांनी समुद्र पाहिला आणि उरलेल्या दोघी म्हणजे मी व माझी धाकटी जाऊ. त्यामुळे या मार्गदर्शनात समुद्राचा भाग थोडा कमी पडेल, त्याबद्दल क्षमस्व.

जागा ठरवताना हॉटेलच्या वाटेला मुळीच जाऊ नये. ‘स्वयंपाकाची सोय’ हे दोन शब्द जेथे दिसतील, तेथेच आगाऊ रक्कम भरावी. आमच्या भाऊजींनी याचा हिशेबच मांडून दाखवला होता. शेजारच्या खानावळीत साधी थाळी १८० रुपयांना, माणसे ११, जेवणे पाच, म्हणजे ९,९०० रुपयांची बचत. ही बचत पुढे पॅरासेलिंग आणि जेटस्कीवर खर्च झाली. आकाशात तरंगत आलेल्यांची भूक चांगली असते, एवढा तिचा लाभ आम्हा दोघींना झाला.

समुद्र दिसणारीच खोली हवी असेल, तर जाहिरातीवर पूर्ण विश्वास ठेवावा. बाल्कनीच्या कठड्याला पोट टेकवून मान डावीकडे वळवली, की दोन माडांच्या मधून तो दिसतो.

मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट असा साडेतीनशे किलोमीटरहून लांबचा रस्ता असल्याने पहाटे चारला निघणे उत्तम. त्यासाठी घरातील स्त्रियांनी दोनला उठून धपाटे लाटावेत, शेंगाचटणीचा डबा भरावा, दही बांधून घ्यावे. इतरांनी पावणेचारला उठून ‘अजून आवरले नाही का’ असे विचारावे.

पाण्याची चिंता करण्याचे कारण नाही. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु जांभा दगड ते पाणी धरून ठेवत नाही आणि मे महिन्यात तेथेही टँकरची वाट पाहावी लागते. उजनी धरण उशाशी असून चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या सोलापूरच्या माणसाला त्यात परकेपणा वाटत नाही. सकाळी अकराला टाकी आटली, तेव्हा आमच्या सासूबाई तर ‘अगदी घरच्यासारखे वाटते’ म्हणाल्या.

आता स्वयंपाकघराकडे वळू. ‘सुसज्ज किचन’ म्हणजे एक इंडक्शन शेगडी, वरचा थर निम्मा उडालेला एक नॉनस्टिक तवा, दोन पातेली, सहा चमचे आणि टोमॅटोवरून घसरणारी एक सुरी. परात नाही, पोळपाट नाही, सांडशी नाही. सासूबाईंनी घरून आठवणीने आणलेले ॲल्युमिनियमचे मोठे पातेले शेगडीवर ठेवले, तर ती नुसती पिंपिं करून बंद पडली. तिला चुंबक चिकटेल असेच बूड लागते, हे ज्ञान मला सुट्टीत मिळाले. मालदांडी ज्वारीचे पाच किलो पीठ आम्ही सोलापुरातून नेले होते, कारण भाकरीशिवाय पोट भरत नाही, असे माझ्या यजमानांचे मत आहे. पोट त्यांचे आहे आणि भाकरी माझी. भाकरी तव्यावर शेकून झाली, की जाळावर धरल्याशिवाय नीट फुगत नाही. इंडक्शनला जाळ नसतो. ताटात पीठ मळून, ताटातच थापून, फडक्याने दाबून दाबून मी पहिली भाकरी काढली, ती खापरासारखी निघाली. त्यावर दिवाणावर पडलेल्यांपैकी एकाने ‘आज भाकरी जमली नाही वाटते’ असा अभिप्राय दिला. मालकांना फोन केला तेव्हा ५०० रुपये वेगळे घेऊन त्यांनी एका बर्नरची गॅसशेगडी पाठवली. मग त्या एका बर्नरवर तेहेतीस भाकऱ्या झाल्या. बाहेर तापमान ३४ अंशच होते, पण त्या दमट हवेत घाम वाळतच नाही; तो कपाळावरून निघतो आणि थेट पिठात पडतो. आमच्या सोलापूरच्या उन्हात निदान घाम वाळतो तरी.

एवढे झाल्यावर मंडळी दीड वाजता परतली. पायांना वाळू, अंगावर ओले कपडे, आणि दारातूनच ‘वहिनी, आम्हाला दोन-दोनच द्या’ ही सूचना. दोन-दोनच का, तर येताना त्याच शेजारच्या खानावळीत सर्वांनी ‘फक्त चवीपुरती’ तळलेली सुरमई खाल्ली होती. अकरा भाकऱ्या उरल्या. त्यांचे रात्री काय करावे, हा विचारही आम्हीच करायचा होता, कारण सुरमई खाऊन पेंग येते.

पायांची वाळू बाहेर झटकू नये. केर काढण्याची सोयही फ्लॅटमध्ये असते.

भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. चहा, नाश्ता, जेवण, पुन्हा चहा आणि पुन्हा जेवण यांच्या वेळा मात्र सरकत नाहीत. तरीही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी चिरून झाकून ठेवून आम्ही दोघी जावा किनाऱ्यावर गेलो. चपला हातात घेतल्या. पहिली लाट घोट्यांपर्यंत आली, पायाखालची वाळू सरकली आणि धाकटी लहान मुलीसारखी हसली. तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊजी विचारत होते, ‘वहिनी, चहाची साखर कुठे ठेवली आहे?’

साखर ओट्यावर होती. पारदर्शक डब्यात होती. त्या ओट्यावर दुसरा डबाच नव्हता.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यांसाठी दिवसाला २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे देतात, असे आढळले आहे. सर्वेक्षण करणारे आमच्या फ्लॅटवर आले नाहीत, हे देशाचे भाग्य. ८८ चा आकडा बराच खाली आला असता. आणि आता मला उपरोधाने बोलण्याचा कंटाळा आला आहे. अहो, तुम्ही पन्नाशीला आलात, तुम्हाला चहा करता येत नाही, याची लाज वाटायची सोडून तो कौतुकाने सांगण्याचा विषय कसा होतो? बायकोला समुद्रावर नेले, असे मित्रांना सांगता. नेले कोठे, एका ओट्यावरून उचलून दुसऱ्या, अधिक वाईट ओट्यापाशी उभे केले. १८० रुपयांची थाळी तुम्हाला महाग वाटते, कारण आमच्या हाताला तुम्ही दरच लावलेला नाही. आणि ‘तुम्ही बोलला का नाहीत’ असे विचारू नका. पहिल्याच रात्री आम्ही दोघी बोललो होतो. तेव्हा ‘तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे’ असे उत्तर मिळाले होते. तीनच दिवसांचा प्रश्न होता, तर कणीक तुम्ही का मळली नाहीत?

पुढच्या वर्षासाठी तारकर्लीचा फ्लॅट पाहणे सुरू झाले आहे आणि ‘किचन मोठे आहे’ असा फोटोही परवा सर्वांच्या मोबाइलवर आला आहे. त्या किचनमध्ये तुम्ही जा. आम्ही दोघी खानावळीत जेवू आणि आमच्या थाळीचे पैसे आम्ही देऊ. तुम्हाला भाकरी हवी असेल, तर परात सोलापूरहून न्या; तेथे नसते.