ईएम गोळ्यांनी व्हाळ शुद्ध होत नाही

गोव्यातल्या गावागावांच्या ग्रुपवर एक संदेश फिरत असतो: माती, कोंडा, गूळ आणि ‘ईएम’ (इफेक्टिव्ह मायक्रोऑर्गॅनिझम्स, म्हणजे उपयुक्त सूक्ष्मजीवांच्या) द्रावणाचे गोळे वळून व्हाळात (ओढ्यात) टाका, जिवाणू घाण खातील, वास जाऊन पाणी नितळ होईल, उरलंसुरलं पाऊस धुऊन नेईल. हेतू चांगला आहे, मुलं उत्साहाने गोळे वळतात. म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

जिवाणू घाण खातात, हे खरं. पण सांडपाण्यात जिवाणूंची वानवा कधीच नसते, वानवा असते ऑक्सिजनची. गूळ-कोंडा हे त्यांचं आणखी खाद्य. 1 किलो गूळ पूर्ण कुजायला साधारण 1 किलो ऑक्सिजन लागतो. व्हाळाच्या पाण्यात तो लिटरला जेमतेम 7-8 मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा लाख लिटरहून जास्त पाण्यातला ऑक्सिजन संपला. वाहत्या पाण्यात गोळ्यातले जिवाणू टिकतही नाहीत. काजूच्या हंगामात फेणीच्या भट्टीवरचा बोंडांचा चोथा व्हाळात पडला की हेच होतं, आणि नेमकं तेव्हाच पाणी आटलेलं असतं. चोथा उंचवट्यावरच्या खड्ड्यात सुक्या पाल्याबरोबर थर लावून, थोडी राख टाकून कुजवावा.

“वास गेला, पाणी नितळ झालं” यावरून काहीच ठरत नाही. मल-कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) डोळ्यांना दिसत नाहीत. आंघोळीच्या पाण्याचे निकष असे: मल-कोलिफॉर्म 100 मिलिलिटरला कमाल 2500 (500 पर्यंत असलेले बरे), ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) कमाल 3. पिण्याची गोष्टच वेगळी.

नमुने उजाडताच घ्या, तेव्हा ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. खालून वर चालत जा, म्हणजे ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येत नाही. वस्तीच्या वर, प्रत्येक पाइपाच्या आणि गोठ्याच्या खाली, असे नमुने हवेत. ऑक्सिजनची 300 मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहता भरा आणि मँगनस सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड ही रसायनं जागेवरच घाला. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. कोलिफॉर्मची बाटली निर्जंतुक असावी. ती बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. आकडा जिथे एकदम उडी घेतो, त्या दोन जागांमध्ये दोष शोधायचा. बहुतेकदा तिथे सेप्टिक टाकीचा व्हाळात सोडलेला पाइप निघतो, नाहीतर जांभ्यात खणलेला शोषखड्डा. जांभ्याच्या भेगांतून मैलापाणी न गाळताच झिरपतं, तेव्हा पाइप बुजवला तरी खड्डा व्हाळापासून दूर हलवावाच लागतो.

पाऊस धुऊन नेतो, हे तर उलटंच. पहिल्या सरी शेण, मैला आणि उघड्या डोंगराची लाल माती व्हाळात आणतात. जूनच्या सुरुवातीला कोलिफॉर्म बरेचदा वाढलेलेच मिळतात. गाळ पुढे खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीत), मानशीपाशी (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी) बसतो.

पाइप बंद केल्यावर त्याच जागी, त्याच वेळी, कोरड्या दिवसांत पुन्हा नमुने घ्या. प्रवाहही मोजा, कारण पाणी वाढल्यानेही आकडा खाली येतो: रुंदी गुणिले खोली गुणिले तरंगत्या नारळाचा वेग, गुणिले 0.8.